चाकूचे गाव

पुरुषाच्या खिशातून रुमाल, किल्ल्या आणि चष्म्याचे घर निघाले, तर जग त्याला सभ्य गृहस्थ समजते. त्यांच्यामागून चाकू निघाला, की शेजारचा माणूस हळूच सरकून बसतो. हा अनुभव मी एसटीत कितीदा घेतला आहे! पण चाकूवाचून खिसा मला नेहमी पोरका वाटत आला. शहापूर तालुक्यातल्या शाळांतून तीस वर्षे मास्तरकी केली. त्या काळात पोरांच्या पेन्सिली तासून जो भुसा पडला त्यात एखादी चूल सहज पेटली असती. शिवाय कैऱ्या, तवशी, सुतळीच्या गाठी आणि अनवाणी पायांत मोडलेले बाभळीचे काटे. चाकूला काम शोधावे लागत नाही, तेच त्याला शोधत येते.

माझा चाकू वडिलांचा होता. शेफिल्डचा, रॉजर्स कंपनीचा. शिंगाची मूठ आणि पात्याच्या मुळाशी एक तारा व एक क्रूस. आमच्या घरात ही वस्तू म्हणजे एक विसंगतीच होती. वडील शाळकरी वयाचे असताना, 2 जानेवारी 1943 रोजी, मुरबाडच्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. विजेचे मनोरे पाडून सरकारची झोप उडवणारी ही माणसे. त्या बातमीने वडिलांच्या अंगावर जी खादी चढली ती सरणावर जाईपर्यंत उतरली नाही. साबण देशी, शाई देशी, आगपेटी देशी आणि खिशात मात्र साहेबाचा चाकू! आई कधीतरी टोमणा मारी. वडील शांतपणे सहाणेवर पाते फिरवत म्हणत, "पाते त्यांचे असेल, धार माझी आहे." या उत्तरात थोडी लबाडी होती हे आईलाही कळत असे. पण त्यांच्या आजोबांनी दिलेली वस्तू होती ती; होळीत टाकणार कशी? 1905 साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, तेव्हाही घराघरांत अशी एखादी वस्तू फडताळात मागे सरकवली गेली असेलच.

गेल्या वर्षी कल्याणहून आसनगावला येताना लोकलच्या गर्दीत तो गेला. कातडी म्यानामुळे चोराला ते पैशांचे पाकीट वाटले असावे. त्याने सदऱ्याचा खिसा ब्लेडने इतका सफाईने कापला होता, की शिंप्यानेही वाखाणणी केली. चाकू नेण्यासाठी माणसाने पातेच वापरावे, ही त्या व्यवहारातली एकच गंमत. बाकी चार दिवस मला जेवण गोड लागले नाही.

दुसरा घ्यायचा म्हणून शहापूरच्या बाजारात गेलो. दुकानदार माझाच विद्यार्थी. "गुरुजी, हा न्या, अकरा हत्यारे आहेत यात," म्हणून त्याने तांबड्या मुठीचा, पांढऱ्या क्रूसाचा चाकू पुढे केला. "कुठे झालाय हा?" मी विचारले. तो गोंधळला. "बाहेरून येतो, गुरुजी." बाहेरून म्हणजे कुठून, हे खोक्यावरही नव्हते. पुतण्याला फोन केला तर तो म्हणाला, "काका, मी मागवून देतो, परवा घरपोच. कुठे का झालेला असेना!"

कुठे का झालेला असेना? या एका प्रश्नापायी जगात केवढी भांडणे झाली आहेत! जर्मन कारागीर आपल्या चाकूंवर शेफिल्डचे नाव ठोकून विकतात, अशी शेफिल्डवाल्यांची ओरड होती. 1887 साली इंग्लंडने कायदा केला, की परक्या मालावर त्याच्या देशाचे नाव हवे. हेतू असा, की 'जर्मनीत बनलेले' हे शब्द वाचून गिऱ्हाइकाने नाक मुरडावे. झाले उलटेच; तो शिक्का काही वर्षांत चांगल्या मालाची खूण ठरला. स्विस शिपायांचे पहिले चाकूदेखील 1891 साली जर्मनीतल्या झोलिंगेनहून आले होते. आपल्या शिपायाने परक्याचा चाकू का वापरावा, असे इबाख गावच्या कार्ल एल्सेनरला वाटले आणि त्याने देशातले कारागीर जमवून ते काम आपल्याकडे आणले. त्या दुकानातल्या चाकूचा तांबडा रंग त्याच्याच घराण्यातून उसना घेतलेला.

पण मूळ शोधायला निघालो, की ते मागे मागेच सरकते. शेफिल्डचे नामांकित पोलाद बनत असे ते स्वीडनच्या लोखंडापासून. आणि 1820च्या सुमारास लंडनचा कारागीर स्टोडार्ट फॅरेडेला हाताशी धरून ज्या पोलादाची परीक्षा करीत होता, ते होते आपल्या हिंदुस्थानचे. युरोपच्या उत्तमातल्या उत्तम पोलादाहून आपल्याला ते अधिक पसंत असल्याचे तो गिऱ्हाइकांना सांगे. वडिलांना हे ठाऊक असते तर आईला जरा बरे उत्तर मिळाले असते.

तरीही मला गाव हवे होते. देशाभिमान म्हणा, पण त्याहून साधी एक गोष्ट आहे. पाते बोथटले, मूठ हलली, तर ज्याच्याकडे ते परत नेता येईल असा माणूस हवा. 'बाहेरून' या गावी मी कोणत्या एसटीने जाणार?

म्हणून पौष पौर्णिमेला किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला आणि तिथून म्हशाच्या जत्रेला गेलो. म्हसोबाचे दर्शन, बैलांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग, आणि कडेला घिसाड्यांची पाले. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण घालते आहे. तिचा एकही घाव वाया जात नव्हता. मिटणारा चाकू त्यांनी साफ नाकारला. "खिळा ढिला व्हतो, बाबा. मग बोटं जात्यात." सरळ पात्याचा छोटा चाकू करायचे ठरले. पोलाद कुठले? मोटारीच्या कमानीचा तुटका पाटा. मोटार कोणती, कुठली, कोणास ठाऊक.

पाते पाण्यात बुडून चुरचुरले तेव्हा मी माझा प्रश्न काढला. "दादा, गाव कोणतं तुमचं?" नवराबायको आपसांत गुजरातीच्या वळणाच्या बोलीत काही बोलून हसली. "आज म्हसाच की," तो म्हणाला. "पुढल्या हप्त्यात बघू."

एवढे शोधून मला चाकू मिळाला तो असा, बिऱ्हाड पाठीवर असणाऱ्या माणसांच्या हातचा. पैसे देताना मी म्हटले, "धार गेली तर?" बाईने घण खाली टेकला. "पुढल्या जत्रेत आणा. शेवटून दिऊ. पर तवसं कापून वला ठिवू नका, गंजल."

रोज रात्री पुसून, खोबरेल लावून ठेवतो. काटा काढायला जुन्याची सर नाही. तवसे मात्र सुरेख कापतो.