अब्बांच्या फाइली

आमच्या घरात लॅपटॉप आला तो २०१३ साली. नुकतेच बी.एड. होऊन उर्दू माध्यमाच्या शाळेत लागलो होतो. मानधन तुटपुंजे, तरी हप्त्यावर घेतला. घरात कारण सांगितले की प्रश्नपत्रिका टाईप करायच्या आहेत. खरे कारण अब्बा होते.

अब्बा कातिब. सोलापुरात त्यांनी उमेदीची वर्षे बोरूने उर्दू लिहिण्यात घालवली. पुस्तके, लग्नाचे रुक्के, मुशायऱ्यांचे इश्तेहार, सगळे हाताने. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून नूरी नस्तालीक संगणकात उतरली, १९९४ मध्ये इनपेज आले आणि हळूहळू कातिबांच्या दौती सुकल्या. अब्बांनी कधी तक्रार केली नाही. लॅपटॉप आल्यावर इनपेजच्या पडद्यावर नजर टाकून एवढेच म्हणाले, "नून का पेट बराबर नहीं आया." आणि दुसऱ्या दिवसापासून एका बोटाने टाईप करू लागले. आपल्या उस्तादांच्या, गल्लीच्या, घराच्या आठवणी. २०१९ मध्ये ते अल्लाला प्यारे झाले तेव्हा चौदा फाइली झाल्या होत्या.

पुढे शाळेच्या कामाला दुसरा संगणक आला. हा लॅपटॉप कपाटात राहिला. त्यात विंडोज ७ होते. त्याचा आधार कंपनीने जानेवारी २०२० मध्ये बंद केला, म्हणून आम्ही त्याला इंटरनेट जोडत नव्हतो. पण जुने इनपेज त्यातच चालत होते. वर्षातून दोनदा तो उघडायचा, अब्बांची दोन पाने वाचायची आणि बंद करायचा. नक्कल मात्र कधी काढली नाही. मुलांना "काम वेळच्या वेळी करा" असे रोज सांगणारे आम्ही!

गेल्या पावसाळ्यात लॅपटॉप उघडला तर आतून टक्-टक् आवाज. विंडोज सुरू व्हायला पाऊण तास. बाजारातल्या एका दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "हार्ड डिस्क गेली. नवी टाकतो, वर नवी विंडोज मारून देतो." त्याची ती विंडोज कुठून येते हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही आमची मूळ विंडोज मागितली. लॅपटॉपसोबत सीडी आलीच नव्हती. कंपनीने डिस्कवरच पंधरा-सोळा जीबीचा एक लपलेला भाग, रिकव्हरी पार्टिशन, ठेवला होता. कोरी डिस्क बसवली की तो भागही जुन्या डिस्कबरोबर जाणार. दुकानदाराने हात झटकले. आम्ही लॅपटॉप उचलून घरी आणला.

आमचा एक माजी विद्यार्थी संगणकाचे काम करतो. संध्याकाळी तो आला. आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, "बेटा, रिकव्हरीवाला हिस्सा वाचव, म्हणजे सगळे परत येईल." तो संकोचून म्हणाला, "सर, रिकव्हरी से दादा की फाइलें नहीं आतीं. उससे लॅपटॉप वैसा होता, जैसा दुकान से आया था."

आम्ही गप्प झालो. इतकी वर्षे समजत होतो की त्या लपलेल्या भागात सगळे सुरक्षित आहे. त्यात होते फक्त कोरे यंत्र. अब्बांच्या आधीचे.

मग त्याने आम्हाला कामाचा क्रम शिकवला. आजारी डिस्कवरून विंडोज पुन्हा पुन्हा चालू करायची नाही. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने लॅपटॉप सुरू केला आणि आधी फक्त अब्बांचा फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतला. मग पूर्ण डिस्कची नक्कल. जुनी डिस्क ३२० जीबीची, नवी एसएसडी ४८० ची; नवी जुन्यापेक्षा लहान असून चालत नाही. नवी यूएसबीच्या वायरीने जोडली आणि डीडीरेस्क्यू नावाची फुकट मिळणारी प्रणाली लावली. ती आधी डिस्कचा धडधाकट भाग वाचून घेते, खराब जागा नोंदवून ठेवते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते. फाइली न पाहता ती सेक्टरमागून सेक्टर उतरवते, त्यामुळे विभागणीचा तक्ता, सुरुवातीचा छोटा भाग, सी ड्राइव्ह आणि लपलेली रिकव्हरी, सगळे जसेच्या तसे येते. मात्र कोणती डिस्क कुठून कुठे, हे तीनदा तपासायचे. उलटे झाले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

रात्रभर काम चालले. फजरला उठलो तेव्हा काही किलोबाइट सोडून सगळे उतरले होते. लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू काढून नवी डिस्क बसवली. विंडोज उठली. पुन्हा बंद करून रिकव्हरीची कळ दाबून पाहिली. तो पडदाही आला. तिथून लगेच मागे फिरलो, कारण पुढे 'होय' म्हटले असते तर सी ड्राइव्ह पुसला गेला असता. रिकव्हरीच्या डीव्हीडी काढून ठेवल्या. शेवटी उरलेल्या मोकळ्या जागेत वेगळा भाग केला. रिकव्हरीला हलवले नाही.

अब्बांच्या चौदापैकी तेरा फाइली उघडल्या. एक उघडली नाही. वाचता न आलेल्या त्या थोड्या जागेत तिचाही तुकडा होता. त्या मुलाने बरेच प्रयत्न केले, पण व्यर्थ. नावावरून कळत होते, ती अब्बा-अम्मींच्या निकाहाची होती.

तेरा फाइली आता युनिकोडमध्ये केल्या आहेत, कारण जुन्या इनपेजची फाइल दुसरीकडे नीट उघडत नाही. तीन जागी ठेवल्या आणि कागदावरही छापल्या.

चौदाव्या फाइलीचे अम्मीला सांगायला जीभ रेटत नव्हती. अखेर सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उन्हों आधा झूठ लिखे होंगे. बैठ, मैं बताती, तू लिख."

तेव्हापासून दर जुम्म्याला असर नंतर आम्ही लॅपटॉप घेऊन अम्मीजवळ बसतो. सात पाने झाली आहेत. वऱ्हाड अजून मांडवात पोहोचलेले नाही. त्या दिवसाचे काम त्याच दिवशी तीन जागी ठेवतो.