काशीला कुठे उतरावे?

काशीला जायचे ठरले की बहुतेक जण मुक्कामासाठी एकच चौकशी करतात, "देऊळ किती लांब?" मला वाटते, सत्तरीनंतर हा प्रश्न बदलावा. या वयात आपण दिवसातून एकदा, फार तर दोनदा बाहेर पडतो. उरलेला वेळ जातो तो मुक्कामाच्या आसपासच. म्हणजे जिथे उतरलो, तेवढेच आपले शहर!

या हिशेबाने काशीत चार जागा दिसतात. पहिली कँटोन्मेंट. स्टेशन जवळ, हॉटेलात लिफ्ट, दारात गाडी. पण गंगा तिथून काही किलोमीटर दूर. दुसरी गोदौलिया-दशाश्वमेध. विश्वनाथ आणि संध्याकाळची आरती दोन्ही जवळ, पण गर्दीही तिथेच. तिसरी दक्षिणेचा अस्सी घाट. मोकळा, हिंदू विश्वविद्यालयाच्या बाजूचा, पहाटेची आरतीही तिथे होते. गुडघे धरलेल्या माणसाने डोळे मिटून अस्सी निवडावे.

चौथी जागा उत्तरेकडे, दुर्गाघाट-ब्रह्माघाटाची. हा आपल्या मराठी माणसांचा जुना मोहल्ला. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी इथले घाट बांधवले. शेजारीच पंचगंगा घाट. नाथांचे भागवत १५७३ मध्ये काशीतच पुरे झाले, हे शाळेत कितीदा शिकवले असेल! पण इथे गल्ल्या अरुंद आणि पायऱ्या उभ्या.

आमच्या सौ.चे आजोबा तरुणपणी वेद शिकायला याच मोहल्ल्यात राहिले होते. कोणता वाडा, ते सांगणारे आता कोणी उरले नाही. हिचे वय चौऱ्याहत्तर, एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. मुलगा म्हणाला, "आई, कँटोन्मेंटला राहा, एक दिवस गाडीने जाऊन तो भाग बघून या." ही म्हणाली, "अरे, लिफ्ट आपल्या घरी आहे. गंगा नाही."

यावर मुलगा काय बोलणार!

मग दुर्गाघाटाजवळ तळमजल्यावरची एक खोली मिळाली. मैदागिनला रिक्षा सोडली आणि गल्लीतून थांबत थांबत चालत गेलो. तीन दिवसांत विश्वनाथाचे दर्शन एकदाच झाले. सारनाथ राहिले, रामनगर राहिले. पण तिन्ही पहाटे ही काठी टेकत घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत गेली. खाली पाण्यापर्यंत उतरणे शक्य नव्हते. मी तांब्या भरून आणला, तेवढ्यावर हिने हातपाय धुतले. घाट पूर्वाभिमुख, त्यामुळे सूर्य समोरच उगवतो. दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, "आजोबा इथूनच उतरत असतील, नाही?" मी हो म्हटले. गाडीने येऊन तासाभरात परतलो असतो, तर हा प्रश्न हिला सुचला असता का, कोण जाणे.

सगळ्यांनी असेच करावे असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात गंगा या पायऱ्या गिळून टाकते, तेव्हा घाटालगत राहण्यात अर्थ नाही. दम्याच्या माणसानेही गल्ल्यांच्या वाटेला जाऊ नये.

असो. तुमच्यापैकी कोणी जाणार असेल, तर आधी घरात विचारा की काशीत नक्की काय हवे आहे. मग खोलीवाल्याला फोन करून दोनच गोष्टी विचारा: रिक्षा कुठपर्यंत येते, आणि पुढे पायऱ्या किती?