कटगुण, कासेगाव, बलवडी : रोजनिशीतील पाने

१९ ऑगस्ट, सातारा

तिसऱ्या वर्षाला अमेरिकन साहित्य शिकवायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला : अमेरिकन म्हणायचं कुणाला? व्हिटमन झाला, आज फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मकथन काढलं. गुलामीतून निसटलेला माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची हकीकत लिहितो आणि ज्या देशाने त्याला बाजारात मांडलं त्याच देशावर हक्क सांगतो. वाचन चालू असताना मागच्या बाकावरची खटाव तालुक्यातली मुलगी म्हणाली, "सर, हे जोतीरावांसारखं वाटतंय." पुढचा तास बाजूला ठेवला आणि ग्रंथालयातून 'गुलामगिरी' मागवली.

रात्री ती पुन्हा चाळली. १८७३चं पुस्तक. जोतीरावांनी ते अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांना मोकळं करण्यासाठी झीज सोसली. आणि आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. तिथलं यादवी युद्ध संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. टॉमस पेन त्यांनी विशीतच वाचला होता. त्या अर्पणपत्रिकेत अमेरिकेची श्रीमंती, यंत्रं, शहरं यांतलं काही नाही. त्यांनी एक कृती निवडली आणि तिला नमस्कार केला. परक्या देशाकडून काय घ्यावं, याची इतकी स्वच्छ निवड मराठीत फार थोड्यांनी केली.

२० ऑगस्ट, सातारा

सकाळी प्रतापसिंह हायस्कूलवरून गेलो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्यातल्या या शाळेत दाखल झालं. १९१३मध्ये ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९४६मध्ये त्यांनी तिथले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडच्या अर्जाची प्रत मागवली. ते पत्रही तिसऱ्या वर्षाला शिकवायला हवं.

२१ ऑगस्ट, कटगुण

पुसेगावहून आत वळलो. फुले घराण्याचं मूळ गाव हे. पाऊस उघडला होता, रानात बटाट्याचे वरंबे ओले होते. वर्गातल्या मुलीच्या आजोबांनी चहा दिला आणि जोतीरावांविषयी भावकीतल्या माणसाविषयी बोलावं तसं बोलले. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिकडनं कुणी उत्तर दिलं का?"

दिवसभर तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

२५ ऑगस्ट, कासेगाव

आज गेल ऑम्वेट यांचा स्मृतिदिन. २०२१मध्ये याच गावात त्या गेल्या. आजोबांच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथे आहे.

जन्म १९४१, मिनियापोलिस. बर्कलीत शिकताना व्हिएतनाम युद्धाविरोधातल्या चळवळीत वावरल्या आणि संशोधनाचा विषय निवडला तो पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ, १८७३ ते १९३०. प्रबंधाची सुरुवात 'गुलामगिरी'च्याच वर्षापासून. कागदपत्रं जमवायला आलेली ही बाई पुढे इथले चळवळीतले कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याशी लग्न करून कासेगावची झाली, १९८३मध्ये भारताची नागरिक झाली.

हमरस्त्यावरून गावात शिरल्यावर एका ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"इंदूताईंची सून व्हय ती! अमेरिकेची व्हती म्हणत्यात. पर मोर्चाला आमच्या संगं चालत यायची."

इंदूताई म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेल्या इंदुमती पाटणकर. गावाने गेलबाईंची ओळख आधी सासूच्या नावाने दिली, अमेरिकेचं नाव मागाहून आलं. आणि मला मनापासून वाटतं, हे मान देणंच आहे. नवऱ्याने टाकलेल्या बायांसाठी या भागात जो लढा उभा राहिला, त्यात त्या होत्या. भारत पाटणकरांबरोबर त्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. 'सीकिंग बेगमपुरा'त चोखोबा, जनाई, तुकोबा यांच्यापासून जोतीराव आणि बाबासाहेबांपर्यंत दुःखमुक्त नगरीचं स्वप्न पाहणाऱ्यांची एक ओळ लावली. वारसा रक्ताने मिळतो असं आपण धरून चालतो. या बाईंनी तो वाचून, चालून, आयुष्य घालून मिळवला.

  

२६ ऑगस्ट, बलवडी

येरळा नदीवरचं बळीराजा धरण. वाळू ठेकेदारांनी उपसून न्यावी आणि विहिरी कोरड्या पडाव्यात, हे शेतकऱ्यांना मान्य नव्हतं. थोडी वाळू स्वतःच विकून त्यांनी त्या पैशातून बांध घातला. पाण्यात वाटा प्रत्येक कुटुंबाचा, भूमिहीनाचाही. नाव दिलं बळीचं. 'गुलामगिरी'तला बळी तो हाच. नदी खटाव तालुक्यातून येते, म्हणजे कटगुणच्याच मुलखातून. बांधाच्या दगडांवर हिरवं शेवाळ चढलं होतं. दोन पोरं पाय सोडून गळ टाकून बसली होती.

२८ ऑगस्ट, सांगली

इथल्या एका वाचनालयात गेलबाईंची पुस्तकं समाजशास्त्राच्या कपाटात सापडली. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांना जागा नाही, कारण बहुतेक लेखन इंग्रजीत. अमेरिकन साहित्याच्या अभ्यासक्रमातही नाही, कारण विषय आपला. हे मला पटत नाही. डग्लस, 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका, ड्यू बॉइस यांना गेलेलं पत्र आणि कासेगावात लिहिलेली ही पुस्तकं एकाच ओळीने शिकवली, तर पहिल्या तासाच्या प्रश्नाला खरी धार येईल.

टाचण तयार केलं. २४ सप्टेंबरला, सत्यशोधक समाजाच्या स्थापनादिनी, हा तास घेणार. खटावच्या त्या मुलीला आजोबांचा प्रश्न फळ्यावर लिहायला सांगणार आहे. उत्तरं मुलांनी आपापल्या गावातून शोधून आणायची.