बान्या लुकाची फरहादिया

इस्तंबूलच्या सुलतानी मशिदींपेक्षा उस्मानी साम्राज्याच्या दूरच्या सुभ्यांमधल्या मशिदी माझ्या मनाला जास्त भिडतात. सुलतानाचा खजिना तिथे हाताशी नसे. एखादा सुभेदार स्वतःच्या नावाने मशीद बांधे आणि तिच्या खर्चापाण्यासाठी दुकानं, जमिनी वक्फ करून ठेवी. मग तिच्याभोवती गाव वाढे.

बोस्नियातल्या बान्या लुकाची फरहादिया अशीच. फरहाद पाशा सोकोलोविच याने ती १५७९ मध्ये बांधली आणि पुढच्याच वर्षी तो बोस्नियाचा पहिला बेलरबे, म्हणजे प्रांताचा सर्वोच्च सुभेदार, झाला. लढाईत पकडलेल्या ऑस्ट्रियन सरदारपुत्राच्या सुटकेच्या खंडणीतून हे बांधकाम झालं, असं सांगतात. मुख्य घुमट, पुढे तीन लहान घुमटांची ओसरी, मिहराबच्या, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, बाजूला बाहेर काढलेलं दालन आणि या सगळ्यातून वर गेलेला सडपातळ मिनार. आकार मोठा नाही, पण प्रमाणं अशी साधलेली की काही वाढवावंसं वाटत नाही, काढावंसंही नाही. असं काम गवंड्यांनी पुन्हा कुठे करू नये म्हणून पाशाने त्यांना मिनारात कोंडलं आणि ते रातोरात पंख करून उडून गेले, अशी लोककथा आहे. ते सुटले, हे गावाने कथेत जपून ठेवलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

१९६९ च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त केलं. फरहादिया तेव्हाही टिकली. ७ मे १९९३ च्या रात्री मात्र ती सुरुंगाने उडवण्यात आली. बान्या लुकाच्या रस्त्यांवर तेव्हा लढाई चालू नव्हती, शहर बोस्नियन सर्बांच्या ताब्यात होतं. बोस्नियाच्या त्या युद्धात शहरातल्या सोळाच्या सोळा मशिदी गेल्या. फरहादियाचे दगडही जागेवर राहू दिले नाहीत, उचलून कचऱ्याच्या डेपोवर नेऊन टाकले. इमारत पाडणं एक. तिथे ती कधी होतीच, याचा पुरावा नाहीसा करणं त्याहून कितीतरी क्रूर.

म्हणून पुढचं काम मला मोलाचं वाटतं. ते दगड शोधून काढले गेले. एकेका तुकड्याचं माप घेतलं, त्यावरचे टाकीचे घाव न्याहाळले, जुन्या नकाशांशी आणि छायाचित्रांशी तो ताडून पाहिला. हा कमानीचा की मिनाराचा, आतला की बाहेरचा? वास्तुविशारद मुहामेद हमिदोविच यांच्या देखरेखीखाली, मिळाले तेवढे जुने दगड भिंतीत परत बसवले गेले आणि उरलेल्या जागी नवे घडवले. मे २००१ मध्ये पायाभरणीच्या वेळी जमावाने हल्ला केला आणि त्यात एका वृद्धाचा जीव गेला. तरीही काम सोडलं नाही. ७ मे २०१६ ला, मशीद उडवली त्याच तारखेला, दारं उघडली.

काही जण म्हणतात, ही खरी फरहादिया नव्हे, प्रतिकृती आहे. मला हे पटत नाही. डेपोतून उचललेला चिरा मूळच्या भिंतीत परत चढला, तर त्याला नक्कल कशी म्हणायची? उद्या एखादा विद्यार्थी ती मोजायला गेला, तर त्याला १५७९ ची टाकी आणि आजची टाकी एकाच भिंतीत सापडेल. दोन्ही कामं बान्या लुकाचीच.