उत्तम बीजाची कादंबरी

वाईट कादंबरीचा आम्हांस राग येत नाही. ती मिटली की विसरते. जिचे बीज उत्तम आणि तरीही जी उगवली नाही, ती कादंबरी मात्र मनाला सलत राहते. अशी एक अलीकडे आमच्या हाती आली. तिचे वा लेखकाचे नाव घेण्यात स्वारस्य नाही. कारण हा दोष एकट्याचा नव्हे.

बीज आमच्या दारातलेच होते. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळचे देऊळ आहे. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराज येथे दर्शनास आले होते, असे देवळात सांगतात. ही झाली परंपरा. कागदपत्रांत आहे ते याहून नवलाचे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, महाराज दक्षिणेच्या स्वारीवर असताना, त्यांचा एक ब्राह्मण वकील दोघा माणसांसह सेंट जॉर्ज किल्ल्यात इंग्रजांकडे पत्र घेऊन आला. पत्रातले मागणे तोफांचे नव्हते. हवे होते ते हृदयाला बळ देणारे औषधी खडे आणि विषावरील उतारे! किंमत देण्याची तयारीही कळवली होती. कौन्सिलने पैसे घेतले नाहीत. औषधांबरोबर बागेतली फळे धाडली, वकिलाला तीन वार बनात आणि चंदन दिले, आणि एवढ्या मोठ्या पुरुषाची मैत्री कंपनीच्या उपयोगी पडेल, हा हिशेब दप्तरात नोंदवून ठेवला. पुढे महाराजांनी स्थापत्यतज्ज्ञ मागितले, तेव्हा मात्र गोड शब्दांत नकार दिला.

ज्याच्या नुसत्या नावाने किल्लेदारांची झोप उडे, त्याला विषावरचा उतारा कशासाठी हवा होता? कोणाचा संशय होता? आणि ते गुपित उराशी धरून परभाषिकांच्या गावात शिरणाऱ्या त्या वकिलाच्या मनात काय चालले असेल? एवढे तीन प्रश्न कादंबरीस पुरेसे होते.

लेखकाने ते विचारलेच नाहीत. तिसऱ्या प्रकरणात वकील तलवार उपसतो, चौथ्यात भाषण करतो, आणि औषधाची गोष्ट लेखकाच्याही स्मरणात राहत नाही. गावातले तमिळ आणि तेलुगू व्यापारी पुण्याच्या पेठेतले वाटावेत असे बोलतात. त्या काळची देशी वस्ती किल्ल्याच्या उत्तरेस अगदी भिंतीला लागून होती. आज तेथे उच्च न्यायालय उभे आहे. कादंबरीत ना ती वस्ती आहे, ना जवळचा समुद्र. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

आमच्या मते येथे भक्ती प्रश्नाच्या आड आली. थोर पुरुषाला भय वाटले असे लिहिले तर त्याचे थोरपण उणावेल, अशी लेखकास धास्ती असावी. वास्तविक भय जाणून त्याचा बंदोबस्त करणारा राजा निर्भय राजापेक्षा कितीतरी अधिक जवळचा वाटतो. ज्याला भक्ती नव्हती अशा कंपनीच्या कारकुनाने चार ओळींत जे टिपले, ते आमच्या लेखकाला तीनशे पानांत साधू नये, याचे वाईट वाटते.

अधिक वाईट वाटते ते आमच्या मुलांसाठी. सौकारपेठेत सोने गाळणारी सांगलीकडची घरे घ्या, की आमच्यासारखी नोकरपेशाची. आमची मुले घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ बोलतात. त्यांचे गाव आणि त्यांची भाषा एका पुस्तकात एकत्र येण्याचा योग क्वचित येतो. तो येथे आला होता. पण ही कादंबरी त्यांच्या हाती दिली, तर 'हे गाव कोणते?' असेच ती विचारतील.

विषय अजून शिळा झालेला नाही. मन लावून लिहिणारा कोणी भेटेपर्यंत आम्ही मुलांना कालिकांबाळच्या देवळात नेतो आणि दप्तरातली ती नोंद सांगतो. उतारा कोणासाठी होता, असे ती लगेच विचारतात.