पाच नुक्ते आणि एक अनुस्वार

धारावीला जायचं तर माहीम स्टेशनवर पूर्वेच्या बाजूला उतरावं. पुलावरून खाली आलं की पत्र्याची छपरं सुरू होतात आणि जिथे तिथे काहीतरी वाळत घातलेलं दिसतं. तेरा कंपाऊंडमध्ये धुतलेल्या प्लास्टिकचे तुकडे, कुंभारवाड्यात मडकी, मध्येच एखाद्या दोरीवर ओळीने टांगलेले छापील कापडाचे चौकोन. दोन-अडीच चौरस किलोमीटरच्या या वस्तीत चामडं, कपडे, माती, भंगार असे कितीतरी धंदे एकमेकांना खेटून चालतात. आम्ही तिघे शिक्षक रायगड जिल्ह्यातून आलो होतो ते त्या छापील चौकोनांसाठी.

आमच्या गावात उर्दू आणि मराठी शाळा शेजारी शेजारी आहेत. दोन्हींचं मिळून एक ग्रंथालय सुरू करायचं ठरलं, तेव्हा मुलांना पुस्तकं घरी न्यायला पिशव्या हव्या झाल्या. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी अमलात आली, तेव्हापासून गावातल्या बचत गटाच्या आपा आणि ताई कॅनव्हासच्या पिशव्या शिवतात. शिलाई पक्की, बंद मजबूत. पण कोऱ्या पिशवीला दुकानदार फार दाम देत नाही. तीच पिशवी छापलेली असली की लग्नात, दुकानाच्या उद्घाटनाला भेट म्हणून चालते. ग्रंथालयाच्या दोनशे पिशव्या चांगल्या उतरल्या तर पुढच्या ऑर्डरी मागायला तोंड राहील, अशी गटाची आशा होती. म्हणून छपाई मुंबईत आणि शिलाई गावातच, असा बेत करून आम्ही कापलेल्या कापडाचे गठ्ठे घेऊन आलो होतो.

कारखाना माळ्यावर होता. उभी लोखंडी शिडी, धरायला एक दोरी. वर लांबलचक टेबल, त्यावर डिंकासारखा चिकट थर. छपाई करणारे उस्ताद बिहारमधल्या दरभंग्याकडचे. सोबत चार पोरं. सगळे तिथेच काम करतात, तिथेच झोपतात. सलाम झाल्यावर त्यांनी आधी गठ्ठा उघडून पाहिला आणि म्हणाले, “सर, शिवून आणलं नाहीत हे बरं केलंत. शिवलेल्या पिशवीत शिवण वर येते, फ्रेम सपाट बसत नाही आणि रंग तिथे फाटतो.”

मग त्यांनी काम दाखवलं. लाकडी चौकटीवर ताणलेली पॉलिस्टरची बारीक जाळी असते. तिच्यावर उजेडात घट्ट होणारं रसायन फासून अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवतात. पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईत काढलेलं डिझाइन जाळीला चिकटवून दिव्याखाली धरतात. उजेड लागला तिथे थर कडक होतो. काळ्या अक्षरांनी झाकलेला भाग कच्चाच राहतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने निघून जातो. अक्षरांपुरती जाळी उघडी पडते. मग चौकट कापडावर ठेवायची, कडेला रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीने एका दाबात ओढायचा. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट, वेगळी ओढ आणि वेगळे पैसे. आम्ही एकच गडद हिरवा रंग निवडला, म्हणजे वाचलेले पैसे शिलाईच्या मजुरीत जातील.

पिशवीवर दोनच शब्द होते. मराठीत ‘ग्रंथालय’ आणि त्याखाली उर्दूत ‘कुतुबखाना’. पहिला नमुना निघाला आणि उस्तादांनी तो उजेडात नेला. मराठी अक्षरं ठसठशीत आली होती. उर्दूत मात्र घोटाळा होता. कुतुबखाना लिहिताना पाच नुक्ते लागतात: ‘ते’चे वर दोन, ‘बे’चा खाली एक, ‘खे’चा वर एक, ‘नून’चा वर एक. ‘ते’चे दोन नुक्ते पसरून एक झाले होते, आणि ‘खे’चा नुक्ता कॅनव्हासच्या जाड धाग्यांच्या खाचेत जवळजवळ हरवला होता. ‘ते’वर दोनाऐवजी एक नुक्ता राहिला तर तिथे ‘नून’ वाचला जातो. ‘खे’चा नुक्ता गेला तर ‘हे’ उरतो. वाचायला शिकणाऱ्या मुलाच्या खांद्यावर असा शब्द कसा द्यायचा?

उस्ताद म्हणाले, “कॅनव्हासवर नुक्ता सगळ्यात आधी मरतो. कापड खडबडीत, रंग दाट, म्हणून जाळी मोकळी लागते. मोकळ्या जाळीत बारीक काम टिकत नाही.” त्यांनी एका पोराला खाली पिटाळलं. चार दारं सोडून एक संगणकवाला बसतो. इनपेज या उर्दू सॉफ्टवेअरवर त्याने नस्तालीकच्या बारीक रेघा थोड्या जाड केल्या, नुक्ते मोठे करून एकमेकांपासून दूर सरकवले. आम्हीही ‘ग्रंथालय’मधला अनुस्वार जरा मोठा करून घेतला. नवी फिल्म निघाली, नवी चौकट धुतली गेली. दुसऱ्या नमुन्यात पाचही नुक्ते वेगवेगळे मोजता आले. तेव्हा कुठे काम सुरू झालं. मध्ये जुम्याच्या नमाजसाठी पट्टी धुऊन ठेवली गेली, कारण जाळीत रंग वाळला तर चौकटच वाया जाते.

छापलेलं कापड दोरीवर वाळवून मग गरम दाबयंत्राखाली धरतात. या उष्णतेने रंग धाग्याला पक्का धरतो. ही पायरी गाळली तर दोन धुण्यांत अक्षरं फिकी पडतात. वाचकांनी छापील पिशवी घेताना पांढरा फडका ओला करून अक्षरांवर घासून पाहावा. फडक्याला रंग लागला तर छपाई कच्ची समजावी.

निघताना पुनर्विकासाचा विषय निघाला. सध्याच्या योजनेत १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्या पात्र कुटुंबांना धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मोफत मिळायचं आहे. वरच्या मजल्यावरच्या पात्र रहिवाशांसाठी मात्र धारावीबाहेर, भाड्यातून खरेदीची सोय ठेवली आहे. उस्ताद माळ्यावरचे, तेही भाडेकरू. ते तक्रार करत नव्हते. एवढंच म्हणाले, “टेबल कुठेही लागेल, सर. पण चौकट ठोकणारा, जाळी ताणणारा, नुक्ते सरकवणारा, हे सगळे हाकेच्या अंतरावर तिथे कुठून आणू?”

आम्हाला उत्तर सुचलं नाही. पण आमचं बिघडलेलं काम अर्ध्या दिवसात सुधारलं ते चार दारांवर संगणकवाला होता म्हणून, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. पक्क्या घराचा हक्क मोठाच आहे. पण रोजी घराबरोबर शेजारावरही चालते. नकाशे काढणाऱ्यांनी तोही मोजायला हवा.

आता दोनशे पिशव्या शिवून झाल्या आहेत. उर्दू शाळेची मुलं मराठी शब्द वाचून दाखवतात, मराठी शाळेची मुलं नुक्ते मोजतात. बचत गटाला एका वलीम्यासाठी दीडशे पिशव्यांची ऑर्डर आली आहे. तिचं कापड कापायला घेतलं असून, छपाईला त्याच माळ्यावर पाठवायचं ठरलं आहे.