लघवीच्या पिशवीमागे

माझ्या मुलाच्या पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये लिव्हर, किडन्या, प्लीहा सगळं नॉर्मल होतं. आतड्याजवळच्या काही गाठी किंचित सुजल्यात, एवढंच. लहान मुलांच्या रिपोर्टमध्ये ही ओळ बऱ्याचदा असते. त्या गाठींसाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला, त्याच्या चड्ड्या मात्र खराब होतच राहिल्या. तो कागद हाती लागला की अजून संताप होतो.

मुलगा तेव्हा दुसरीत होता. पोट दुखायचं, जेवण कमी झालेलं, आणि दिवसातून कितीदा तरी चड्डीला पातळ शी लागायची. पातळ म्हणजे जुलाब असं धरून जुलाब थांबवायचं औषध दिलं गेलं. सासूबाई म्हणत होत्या, "अगं, कोठा जड आहे त्याचा." डॉक्टरांनी ते उडवून लावलं.

शाळेनं काय केलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाईंनी त्याला शेवटच्या बाकावर एकट्याला बसवलं. मुलं नाक धरायची, त्यांना कुणी दटावलं नाही. सहलीचे भरलेले पैसे पाकिटात घालून परत आले. मला बोलावून त्याच्यादेखत बाई म्हणाल्या, "मुद्दाम करतो हा. एवढ्या मोठ्या मुलाला कळत नाही होय?" तो खाली मान घालून उभा. घरी आल्यावर त्यानं विचारलं, "आई, मला आलेलीच कळत नाही, मग मी मुद्दाम कसं करीन?" त्या शाळेच्या संडासाला आतून कडी नव्हती, नळाला पाणी नसायचं, म्हणून तो तिथं जातच नव्हता. दिवसभर दाबून धरायचा. आणि घाणेरडा ठरला तो.

शेवटी मिरजेच्या एका बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे नेलं. त्यांनी सावकाश पोट चाचपलं आणि चिठ्ठीवर लिहिलं : लघवी भरलेली असताना मूत्राशयामागे मलाशयाची रुंदी मोजा. आम्ही मुद्दाम पुन्हा पहिल्याच सोनोग्राफी सेंटरवर गेलो. मशीन तेच, डॉक्टर तेच. त्याला पाणी पाजून बसवलं. ओटीपोटावर जेल लावून प्रोब आडवा टेकवला. पडद्यावर लघवीच्या पिशवीचा काळा गोल, त्यामागे पांढरी कमान, कमानीमागे सावली. रुंदी साडेचार सेंटीमीटर. साधारण तीनच्या वर गेली की घट्ट मळ साठल्याची शंका घेतात. ना सुई, ना एक्स-रेचे किरण, ना मागून बोट घालून तपासणी. काही मिनिटांचं काम.

मॅडमनी समजावलं. ओढ्यात धोंडा अडकला की पाणी कडेनं वाट काढतं, तसं घट्ट गोळ्याच्या कडेनं पातळ शी झिरपते. मलाशय ताणून सैल पडतं, म्हणून आल्याची जाणीवच होत नाही. जुलाब नव्हतेच ते. त्यावर जुलाब थांबवायचं औषध म्हणजे गोळा आणखी घट्ट करणं.

सेंटरच्या डॉक्टरांवर मी खूप चिडले होते. पण पहिल्या चिठ्ठीवर फक्त 'पोटदुखी' एवढंच होतं, हेही खरं. शिवाय मलाशयाची ही सोनोग्राफी प्रत्येक मुलाला लागत नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपचनतज्ज्ञांच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना तर निदानासाठी ती सरसकट करू नका असंच सांगतात. विचारपूस आणि पोट तपासणं बहुतेकदा पुरतं. मॅडमनाही हातालाच कळलं होतं. तरी ती झाली ते बरंच झालं असं मला वाटतं. मुलानं पडद्याकडे बोट करून विचारलं, "हे माझ्या पोटात आहे?" आपली चूक नाही हे त्याला त्या दिवशी कळलं. शाळेलाही तो आकडा दाखवता आला.

पुढं पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर. आधी काही दिवस मोठा डोस देऊन गोळा काढला, मग रोजचा डोस. तो निदान दोन महिने द्यायचा असतो आणि बरं वाटलं म्हणून एकदम थांबवायचा नसतो. आमचा त्याहून खूप लांबला. जोडीला जेवणानंतर पायाखाली पाट घेऊन संडासला बसायची सवय.

आईवडिलांनो, मुलाच्या चड्डीला सारखे डाग दिसत असतील तर ओरडू नका. आत मळ साठलाय का, असं डॉक्टरांना थेट विचारा. सोनोग्राफी सांगितली तर चिठ्ठीवर मलाशयाचा उल्लेख आहे का ते बघा. आणि शाळांना माझी विनंती आहे : मूल मुद्दाम करतं असं म्हणण्याआधी त्याला डॉक्टरकडे पाठवा, आणि संडासाला आतून कडी बसवा.